स्विचवर फुटबॉल: आवृत्ती कशी निवडावी, कशी पारखावी आणि हातात कशी बसवावी

निन्टेन्डो स्विच या हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावर फुटबॉल खेळायचं ठरवलं की समोर ईए स्पोर्ट्स या गेम कंपनीच्या तब्बल नऊ आवृत्त्या येतात. फिफा १८ ते फिफा २३ या सहा, आणि नाव बदलल्यानंतरच्या एफसी २४, २५ व २६ या तीन. दरवर्षी कव्हरवरचा खेळाडू बदलतो, किंमत बदलते, आणि आत नेमकं काय बदललं हे डब्यावर वाचून कळत नाही. त्यामुळे अनेक जण सगळ्यात नवी आवृत्ती उचलतात, आठवडाभरात वैतागतात आणि "स्विचवर फुटबॉल जमत नाही" असं म्हणून गेम विकून टाकतात.

स्विचवर फुटबॉल जमतो. पण तो टीव्हीवरच्या प्लेस्टेशनच्या मापानं मोजून चालत नाही. हातातल्या छोट्या स्क्रीनवर दोनच गोष्टी आधी पाहायच्या: बटण दाबल्यावर खेळाडूचा पाय किती लवकर हलतो, आणि चेंडू डोळ्यांना किती स्वच्छ दिसतो. बाकी सगळं, म्हणजे गवताचा पोत, खेळाडूंचे घामेजलेले चेहरे, प्रेक्षकांचा जल्लोष, हे त्यानंतर. हा क्रम पक्का ठेवला तर निवडही सोपी होते आणि पैसेही वाचतात.

पायरी १: तुम्ही कुठे आणि कोणाबरोबर खेळणार?

हे आधी ठरवा, कारण प्रत्येक आवृत्तीचं बलस्थान वेगळं आहे. लोकलमध्ये, एसटीत किंवा रात्री पलंगावर एकट्यानं करिअर मोड (एक क्लब घेऊन हंगामामागून हंगाम खेळायचा प्रकार) खेळायचा असेल तर इंटरनेटची गरज जवळपास पडत नाही. भावंडांबरोबर टेबलावर स्विच उभा करून खेळायचं असेल तर कंट्रोलरचा प्रश्न सर्वांत मोठा ठरतो. आणि ऑनलाइन अनोळखी लोकांशी सामने खेळायचे असतील तर तुम्हाला चालू वर्षाचीच आवृत्ती लागेल, कारण जुन्या आवृत्त्यांवर प्रतिस्पर्धी मिळणं कठीण होत जातं आणि कधी ना कधी त्यांचे सर्व्हर बंद होतात.

पायरी २: आवृत्ती निवडा

इथे थोडा इतिहास कळायलाच हवा, कारण गुणदोषांचं मूळ त्यात आहे.

स्विच बाजारात आला ३ मार्च २०१७ रोजी आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यावर फिफा १८ आला. त्या वेळी प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि पीसीवरचा फिफा आदल्याच वर्षापासून फ्रॉस्टबाइट नावाच्या नव्या इंजिनावर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर, चालत होता. स्विचला ते इंजिन मिळालं नाही, त्याच्यासाठी वेगळं इंजिन बांधलं गेलं. परिणामी 'द जर्नी' हा अ‍ॅलेक्स हंटर नावाच्या तरुण खेळाडूचा कथामोड स्विचवर आलाच नाही. ऑनलाइन असूनही मित्राला थेट आव्हान देता येत नव्हतं, त्यावर भरपूर टीका झाली. पण या बदल्यात एक फार मोलाची गोष्ट मिळाली: गेम सेकंदाला ६० फ्रेमनं, म्हणजे ६० चित्रांनी, चालत होता, हातातही आणि टीव्हीवरही.

पुढच्या वर्षी फिफा १९ मध्ये मित्रांशी ऑनलाइन खेळायची सोय आली आणि चॅम्पियन्स लीगही आली. माझ्या मते स्विचवरच्या फिफाचा हा सगळ्यात प्रामाणिक टप्पा. गेम पुढे सरकतोय असं तेव्हा वाटत होतं.

मग तो थांबला. फिफा २० पासून स्विचच्या डब्यावर 'लेगसी एडिशन' ही अक्षरं आली. याचा अर्थ कंपनीनंच स्पष्ट केला होता: संघ, जर्सी आणि खेळाडूंची यादी नवी, खेळ तोच. फिफा २०, २१, २२ आणि २३ अशी चार वर्षं हेच चाललं. फिफा २१ च्या वेळी आयजीएन या गेमिंग संकेतस्थळानं आदल्या वर्षीचाच रिव्ह्यू पुन्हा छापून १० पैकी २ गुण दिले, कारण गेममध्येच लिहिण्यासारखं नवं काही नव्हतं. पूर्ण किंमत मोजून दरवर्षी हे विकत घेणाऱ्या स्विचवाल्यांवर तो अन्याय होता, आणि तो कोणत्याही कारणानं समर्थनीय नाही.

२०२२ मध्ये ईए आणि जिच्या नावानं गेम विकला जायचा ती फुटबॉलची जागतिक संघटना फिफा यांची वाट वेगळी झाली. एफसी २४ हे नवं नाव घेऊन सप्टेंबर २०२३ मध्ये गेम आला आणि स्विचवर पहिल्यांदाच फ्रॉस्टबाइट इंजिन आलं. चेहरे सुधारले, महिला क्लब फुटबॉल आला, व्होल्टा हा गल्लीतल्या फुटबॉलचा मोड आला. स्विचला इतरांच्या पंगतीत बसवलं गेलं, हे खरंच. मात्र फ्रेम ६० वरून ३० वर आल्या.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण जाहिरातीत तो कधी सांगितला जात नाही. ६० फ्रेमला एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकतं, ३० फ्रेमला सुमारे ३३. म्हणजे डोळ्यांना बातमी उशिरा कळते, आणि तुमचं बटणही उशिरा पडद्यावर उमटतं. संथ खेळात हे जाणवत नाही. फुटबॉलमध्ये जाणवतं, कारण बचावपटूनं पाय टाकायचा क्षण आणि स्ट्रायकरनं चेंडू अडवून वळायचा क्षण तेवढाच असतो. टॅकल करायला जावं आणि समोरचा निसटलेला असावा, असं वारंवार घडायला लागलं की दोष आपल्या बोटांचा वाटतो. बऱ्याचदा तो फ्रेमचा असतो.

आता माझा सल्ला. एकट्यानं, ऑफलाइन, हातात धरून खेळणाऱ्यानं सेकंड हँड फिफा २३ लेगसी एडिशन शोधावी. जी आवृत्ती नवी असताना घेणं मूर्खपणाचं होतं, तीच आता त्या जुन्या वेगवान इंजिनावरची सगळ्यात ताज्या संघांची आवृत्ती ठरते. हालांड मँचेस्टर सिटीत आहे, मेस्सी पॅरिसमध्ये आहे, आणि खेळ मात्र तोच गुळगुळीत. जुने संघ चालणार असतील तर फिफा १९ आणखी स्वस्तात मिळू शकतो आणि मुळीच कमी नाही.

ऑनलाइन, महिला फुटबॉल किंवा यंदाचे संघ हवे असतील तर एफसी मालिकेला पर्याय नाही. पण जुन्या स्विचवर तेव्हा ३० फ्रेम मान्य करूनच घ्या. एफसी २६ जुन्या स्विचवर आणि ५ जून २०२५ रोजी आलेल्या स्विच २ वर अशी दोन्हीकडे आली आहे. तुमच्याकडे स्विच २ असेल तर जुन्या स्विचची आवृत्ती चुकून उचलू नका, डब्याचा रंग आणि वरची पट्टी पाहा.

इंडियन सुपर लीग फिफा २२ मध्ये पहिल्यांदा आली. मुंबई सिटी किंवा एफसी गोवा घेऊन खेळण्यासाठीच गेम घेत असाल तर विकणाऱ्याकडून लीगच्या यादीचा फोटो मागवा. प्लेस्टेशनच्या आवृत्तीत असलेली गोष्ट स्विचच्या आवृत्तीत असेलच असं गृहीत धरणं हीच इथली नेहमीची फसगत आहे. यूट्यूबवरचे व्हिडिओ बघतानाही हेच लक्षात ठेवा. त्यांतले बहुतेक दुसऱ्या यंत्रावरचे असतात.

कोनामी कंपनीचा पीईएस (प्रो इव्होल्यूशन सॉकर) हा फुटबॉल गेम जुन्या स्विचवर आलाच नाही, म्हणून तुलनेला दुसरा वास्तववादी गेम फारसा उरत नाही. 'मारिओ स्ट्रायकर्स: बॅटल लीग' मजेदार आहे, पण तो वेगळाच खेळ आहे.

पायरी ३: घेताना तपासा

भारतात निन्टेन्डोनं स्विच अधिकृतपणे विकायला आणलेला नाही. दुकानांत दिसतात ते आयात केलेले. त्यामुळे वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द, तो बिलावर लिहून घ्या. सुदैवानं स्विचची गेमकार्डं प्रदेशात बांधलेली नाहीत. जपानी, युरोपी, अमेरिकी कोणतंही कार्ड कोणत्याही स्विचमध्ये चालतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये, एफसी २४ येण्याच्या तोंडावर, जुने फिफा डिजिटल दुकानांतून काढून टाकले गेले. म्हणजे फिफाची आवृत्ती हवी असेल तर कार्डच शोधावं लागेल. कार्ड घेताना डब्याच्या पुढच्या बाजूला 'डाउनलोड आवश्यक' अशा अर्थाची सूचना आहे का ते बघा. स्विच २ च्या काही गेमांत तर कार्डावर गेम नसतोच, नुसती किल्ली असते आणि गेम पूर्ण उतरवून घ्यावा लागतो.

साठवणुकीची जागाही बघा. पहिल्या स्विचमध्ये ३२ जीबी, स्विच ओएलईडी या नंतरच्या मॉडेलमध्ये ६४ जीबी, आणि त्यातलाही काही भाग सिस्टिमनं खाल्लेला. एफसी डाउनलोड करणार असाल तर मायक्रोएसडी कार्ड आधी घ्या, गेम नंतर.

जुना स्विच घेत असाल तर जॉयकॉनची, म्हणजे स्विचच्या दोन बाजूंच्या कंट्रोलरची, अंगठ्यानं फिरवायची काडी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. हात न लावताही काडी आपोआप एका बाजूला सरकण्याचा दोष या यंत्राला जडलेलाच आहे, आणि फुटबॉलमध्ये तो लगेच मुळावर येतो: बचावपटू हळूहळू जागा सोडतो आणि आपल्याला कळत नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर आणि सेन्सरच्या विभागात काड्यांच्या कॅलिब्रेशनचा पर्याय आहे. तिथे काडी गोल फिरवा, सोडा, आणि खूण बरोबर मध्यावर परत येऊन थांबते का ते बघा. दोन्ही काड्यांचं करा. डावी जास्त झिजलेली असते, कारण धावणं तिच्यावर असतं.

पायरी ४: पहिल्या तासात गेम पारखा

गेम लावला की लगेच करिअर सुरू करू नका. एक तास फक्त पारखण्यासाठी ठेवा. स्विच हातात धरा, टीव्हीला जोडू नका, कारण तुम्ही तो हातातच खेळणार आहात.

पहिली पारख पहिल्या स्पर्शाची. किक-ऑफमध्ये (एकच सुटा सामना खेळायच्या मोडमध्ये) एखादा बलाढ्य संघ घ्या, अडचणीची पातळी सगळ्यात खाली ठेवा. मधल्या फळीतून स्ट्रायकरकडे जोरदार जमिनीवरचा पास द्या आणि चेंडू पोहोचायच्या क्षणी काडी उलट दिशेला फिरवा. स्ट्रायकर चेंडू घेत घेत वळला पाहिजे. तो आधी थांबतो, मग चेंडू पायाशी घेतो, मग वळतो असं दिसलं तर तुमच्या बटणाला उत्तर उशिरा मिळतंय. फिफा १८ ते २३ मध्ये हे वळणं झटकन होतं. एफसीमध्ये अ‍ॅनिमेशन सुंदर आहे, पण तेवढंच लांबलेलं वाटतं, आणि ते अंगवळणी पडायला वेळ लागतो.

दुसरी पारख गर्दीची. कॉर्नर घ्या. पेनल्टी क्षेत्रात अठरा-वीस खेळाडू दाटले की यंत्राचा कस लागतो. चेंडू हवेत असताना चित्र अडखळतं का ते बघा. दोन-तीन कॉर्नरमध्ये सतत अडखळत असेल तर हेडरची वेळ साधणं दैवावर गेलं असं समजा आणि पुढे शॉर्ट कॉर्नर घ्यायची सवय लावा.

तिसरी पारख डोळ्यांची. गोलकीपरकडून लांब किक मारा आणि चेंडू नजरेनं पकडत राहा. छोट्या स्क्रीनवर हवेतला चेंडू काही ठिपक्यांचाच असतो. प्रेक्षकांच्या पार्श्वभूमीवर तो हरवतो. अशा वेळी चेंडू शोधू नका, जमिनीवरची त्याची सावली शोधा. ती सापडत नसेल तर पुढच्या पायरीतल्या सेटिंग्ज अगत्यानं करा.

चौथी पारख कॉम्प्युटरच्या अकलेची, आणि ही फार कमी जण करतात. पातळी 'वर्ल्ड क्लास' ठेवा, चेंडू समोरच्याला द्या, आणि पाचेक मिनिटं स्विच टेबलावर ठेवून नुसतं बघा. समोरचा संघ बाजू बदलतो का? कडेनं धावणाऱ्याला पास देतो का? की मागच्या मागे पास करत राहतो? कॉम्प्युटर कसा हल्ला करतो हे एकदा शांतपणे पाहिलं की तो गेम तुम्हाला किती महिने पुरेल याचा अंदाज येतो. लेगसी आवृत्त्यांत कॉम्प्युटरच्या चाली मर्यादित आहेत आणि वेगवान विंगर असलेला संघ कोणाच्याही हातात भारी पडतो. हा त्यांचा खरा दोष, आणि त्यावर उपाय पुढे आहे.

पायरी ५: स्क्रीन वाचता येईल अशी करा

ही पायरी टाळू नका. कंपनीनं ठरवलेल्या मूळ सेटिंग्ज मोठ्या टीव्हीच्या हिशेबानं असतात. स्विच लाइटचा पडदा ५.५ इंचांचा आहे, मूळ स्विचचा ६.२, ओएलईडीचा ७. एवढ्याशा जागेत अर्धं मैदान कोंबलं की खेळाडू मुंग्यांएवढे होतात.

कॅमेऱ्यापासून सुरुवात करा. कॅमेऱ्याच्या यादीत 'टेली', 'को-ऑप', 'डायनॅमिक' असे प्रकार आहेत. 'को-ऑप' मोठ्या पडद्यावर छान, कारण मैदान जास्त दिसतं. हातात मात्र त्यानं डोळे शिणतात. 'टेली' घ्या आणि झूम थोडा वाढवा, उंची मात्र फार कमी करू नका. उंची कमी केली की खेळाडू मोठे दिसतात, पण एकामागे एक झाकले जातात आणि थ्रू पासची फट दिसेनाशी होते. दोन सामने एकाच मापावर खेळा, मग एक टप्पा बदला. दर पाच मिनिटांनी बदलत राहिलात तर नजर कशालाच सरावत नाही.

झूम वाढवल्यामुळे मैदानाचा जो भाग कमी दिसतो, तो खालच्या रडारवर, म्हणजे मैदानाच्या छोट्या नकाशावर, वाचायचा. रडार बंद असेल तर चालू करा. लांब पास देण्याआधी एक झटकन नजर रडारवर, ही सवय हातातल्या गेममध्ये टीव्हीपेक्षा जास्त कामाची आहे.

मग उजेड. दुपारच्या सामन्यात स्टेडियमच्या छपराची गडद सावली अर्ध्या मैदानावर पडते आणि उजेडातून सावलीत शिरताना चेंडू दिसेनासा होतो. ढगाळ हवामान निवडा, नाहीतर रात्रीचा सामना घ्या. हे केल्यावर छोट्या पडद्यावर पडणारा फरक डोळ्यांना लगेच कळतो. चेंडू निवडायची सोय असेल तिथे पांढऱ्याऐवजी केशरी किंवा पिवळा घ्या. पांढरा चेंडू पांढऱ्या रेषांवर आणि पांढऱ्या जर्सीवर विरघळून जातो. जर्सीही अशा घ्या की एक संघ गडद आणि दुसरा फिका असेल. लाल विरुद्ध निळा हा टीव्हीवर स्पष्ट दिसणारा फरक उन्हात बाहेर बसल्यावर दोन सारख्याच काळपट रंगांत बदलतो.

सामन्याचा अर्धा भाग सहा मिनिटांचा ठेवा. रिप्ले, बदली खेळाडू, मेनू धरून पंधरा मिनिटांच्या आसपास सामना संपतो. चार मिनिटांत मधली फळी खेळायला वेळच उरत नाही, सगळे थेट गोलकडे पळतात. दहा मिनिटांचा ठेवला तर गोलांचा पाऊस पडतो आणि हातही दुखतात.

पायरी ६: बोटं बसवा

मूळ मांडणीत खालचं बटण पास, उजवीकडचं शॉट, डावीकडचं उंच पास किंवा क्रॉस आणि वरचं थ्रू पास. स्विचवर ती अनुक्रमे बी, ए, वाय आणि एक्स. प्लेस्टेशनवरून आलेल्याचा अंगठा आपोआप बरोबर जातो. एक्सबॉक्सवरून आलेल्याचा गोंधळ उडतो, कारण तिकडे ए खाली असतं आणि स्विचवर ए उजवीकडे. पडद्यावरच्या सूचनेत ए दिसलं की अंगठा खाली जातो आणि नको ते होतं. अक्षरं वाचू नका, जागा लक्षात ठेवा.

धावणं झेडआरवर, खेळाडू बदलणं एलवर, आर धरून शॉट मारला की वळणारा फिनेस शॉट. झेडआर सतत दाबून ठेवायची सवय सोडा. वेग पूर्ण असताना वळण मोठं होतं आणि चेंडू पायापासून दूर जातो, हे दोन्ही छोट्या पडद्यावर सावरायला अवघड. मोकळी जागा मिळाली की धावा, बचावपटूजवळ गेलात की बटण सोडा.

जॉयकॉनची काडी छोटी आहे आणि तिचा झोका कमी आहे. म्हणून पासची मदत पूर्ण बंद करून 'मॅन्युअल' खेळणं इथे कष्टाचं होतं. अंगठ्याचा किंचित फरक पडद्यावर वेगळ्याच दिशेला जातो. जमिनीवरच्या पासला मदत चालू ठेवा, थ्रू पासला अर्धी, आणि शॉट हवं तर अर्ध्या मदतीवर. मॅन्युअलचं वेड असेल तर प्रो कंट्रोलर (निन्टेन्डोचा पूर्ण आकाराचा वेगळा कंट्रोलर) घ्या आणि स्विच टेबलावर उभा करा.

हातातल्या यंत्राची खासियत म्हणून गेममध्ये घुसडलेल्या सोयींबद्दल सावध राहावं, हे प्लेस्टेशन व्हिटानं २०१२ मध्येच शिकवलं होतं. व्हिटाच्या पाठीवर स्पर्शाची पाटी होती. फिफात त्या पाटीवर जिथे बोट टेकवाल, गोलच्या त्या कोपऱ्यात शॉट जायचा. कल्पना भन्नाट. पण यंत्र घट्ट धरलं की मधलं बोट पाटीला लागायचं आणि मैदानाच्या मध्यातूनच खेळाडू शॉट मारून मोकळा व्हायचा. अनुभवी खेळाडू ते सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करायचे आणि बटणांवर परत यायचे. आजही कुणी जुना व्हिटा आणि फिफा घेतला असेल तर पहिलं काम हेच.

पायरी ७: कॉम्प्युटरच्या उणिवा भरून काढा

एका पातळीवर सहज जिंकता येतं आणि वरच्या पातळीवर समोरचे अचानक चुकाच करत नाहीत, ही जुनी तक्रार आहे. उपाय पातळी बदलण्यात नाही, स्लायडरमध्ये आहे. सेटिंग्जमध्ये तुमच्यासाठी आणि कॉम्प्युटरसाठी वेगवेगळे आकडे असतात, मूळ आकडा ५०.

कॉम्प्युटरचे पास फार अचूक वाटत असतील तर त्याच्या पासमधली चूक पाचानं वाढवा. तुमचे पास फार सहज जात असतील तर तुमचीही वाढवा. वेगवान विंगरची दादागिरी कमी करायची असेल तर दोन्ही बाजूंचा धावण्याचा वेग थोडा खाली आणा, म्हणजे मधल्या फळीला अर्थ येतो. एका वेळी एकच आकडा हलवा आणि तीन-चार सामने द्या. गोलकीपरचा आकडा मात्र शेवटी. त्याला हात लावला की सगळ्या निकालांचा तोल जातो.

बचावात खेळाडू आपोआप बदलण्याची सोय पूर्ण चालू असेल तर नको त्या वेळी ताबा दुसऱ्याकडे जातो. ती फक्त हवेतल्या चेंडूपुरती ठेवा आणि बाकी एल बटणानं स्वतः बदला. टॅकलच्या घाईपेक्षा मधल्या फळीतला एक खेळाडू परत आणून पासची वाट अडवणं जास्त फळतं, विशेषतः एफसीमध्ये, जिथे टॅकलची वेळ साधणं ३० फ्रेममुळे अवघड आहे.

पायरी ८: मोड निवडा, पैसे जपा

करिअर मोड हा हातातल्या फुटबॉलचा खरा आत्मा आहे, असं मला मनापासून वाटतं. स्टेशन आलं की पॉवर बटण दाबा, स्विच झोपतो. घरी येऊन उठवा, सामना त्याच मिनिटावर सुरू. सत्तराव्या मिनिटाला मिळालेल्या फ्री किकसमोर तुमचा खेळाडू जसाच्या तसा उभा असतो. टीव्हीला बांधलेल्या यंत्रावर फुटबॉलचा हंगाम असा फटींमधून खेळता येत नाही. खालच्या विभागातला एखादा क्लब घ्या, तरुण खेळाडू वाढवा, सामने उगाच सिम्युलेट करू नका. ऑनलाइन सामना मात्र यंत्र झोपवलं की हातचा जातो, तेव्हा नेटवर्क तुटणाऱ्या प्रवासात तो सुरूच करू नका.

अल्टिमेट टीमबद्दल स्पष्ट बोलतो. पत्त्यांसारखे खेळाडू जमवून संघ बांधायची मजा आहे, पण बंद पाकिटं खऱ्या पैशांनी विकत घेता येतात आणि आत कोण निघेल ते नशिबावर. बेल्जियमच्या जुगार आयोगानं एप्रिल २०१८ मध्ये अशी पाकिटं जुगारात मोडतात असं ठरवलं आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ईएनं तिथे फिफा पॉइंट्सची, म्हणजे पाकिटं घ्यायच्या गेममधल्या चलनाची, विक्री थांबवली. आपल्याकडे तशी अडवणूक नाही, म्हणून जबाबदारी घरातल्या मोठ्यांची. स्विचवरचा संघ पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत नेता येत नाही. सर्व्हर बंद झाले की जमवलेलं सगळं जातं. मुलांच्या हातात गेम देणार असाल तर खात्याला कार्ड जोडूच नका आणि निन्टेन्डोचं पालक नियंत्रण लावून खरेदी बंद करा. ऑनलाइन सामन्यांसाठी निन्टेन्डो स्विच ऑनलाइनचं सशुल्क सदस्यत्वही लागतं, तो खर्च हिशेबात धरा.

पायरी ९: दोघांत खेळताना

एका स्विचचे दोन जॉयकॉन काढून, आडवे धरून, दोघांनी खेळणं हे जाहिरातीतलं चित्र. ते चालतं, पण मर्यादा जाणून घ्या. आडव्या जॉयकॉनला एकच काडी असते. उजवी काडी नसली की स्किल मूव्ह गेले आणि काडीनं हवा तो बचावपटू निवडणंही गेलं. वरची दोन बारीक बटणं मोठ्या माणसाच्या बोटांना टोचतात. मुलांसाठी आणि दोन-चार सामन्यांसाठी ठीक. रोजच्या चुरशीसाठी दुसरी जॉयकॉनची जोडी किंवा एखादा प्रो कंट्रोलर घ्याच. दोघांनीही सारखाच कंट्रोलर धरावा, नाहीतर सामना बरोबरीचा राहत नाही. एकाकडे पूर्ण कंट्रोलर आणि दुसऱ्याकडे अर्धा जॉयकॉन असेल तर पूर्ण कंट्रोलरवाल्यानं दुबळा संघ घ्यावा.

स्विच लाइटचे जॉयकॉन निघत नाहीत आणि त्याला मागे उभं राहायचा पायही नाही. दोघांत खेळणं मुख्य हेतू असेल तर लाइट घेऊ नका.

दोघांकडेही आपापला स्विच असेल तर फिफा १८ मधला 'लोकल सीझन्स' शोधा: इंटरनेटशिवाय, शेजारी बसून, दोन यंत्रं जोडून पाच सामन्यांचा छोटा हंगाम. प्रत्येकाचा पडदा वेगळा, त्यामुळे झूमही आपल्या मनासारखा. दोन्ही कार्डं मात्र एकाच आवृत्तीची लागतात, आणि निघण्याआधी दोन्ही यंत्रं पूर्ण चार्ज करा. २०१७ च्या मूळ स्विचची बॅटरी अडीच ते साडेसहा तास टिकते असं निन्टेन्डोच सांगतं, आणि जुन्या यंत्राकडून त्यातल्या खालच्या आकड्याचीच अपेक्षा ठेवावी.